ब्राउझर ॲड-ऑनचे चुकीचे निष्कासन

संगणकातील अँटीव्हायरसने ब्राउझरला जोडलेले निरुपद्रवी ॲड-ऑन (जादा सोय देणारा छोटा प्रोग्रॅम) घातक ठरवून पुसणे, निकामी करणे किंवा त्याच्या फायली क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फायली अलग ठेवण्याच्या जागेत, नेऊन ठेवणे, या प्रकाराला ॲड-ऑनचे चुकीचे निष्कासन म्हणता येईल. निर्दोष फाइलला दोषी ठरवणाऱ्या निष्कर्षाला संगणक-सुरक्षेत ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात आणि प्रस्तुत प्रकार हा त्याचाच एक भाग आहे. ठाण्यातील संगणक-दुरुस्तीच्या दुकानात मात्र हे निदान ‘अँटीव्हायरसने उडवलं’ एवढ्यावर उरकते.

ॲड-ऑनची रचनाच संशयाला पोषक असते. ते बहुतांशी जावास्क्रिप्ट या संगणकीय भाषेत लिहिलेले असते, आकार कमी करण्यासाठी त्यातील मोकळ्या जागा आणि लांब नावे काढून टाकलेली असतात, आणि असा आवळलेला मजकूर हेतुपुरस्सर दडवलेल्या घातक मजकुरासारखा दिसतो. त्यातच ॲड-ऑन पाने वाचते, त्यांत बदल करते, कधी टंकलेली अक्षरेही टिपते. मराठी टंकलेखनाच्या ॲड-ऑनला तर हे केल्यावाचून गत्यंतरच नाही. पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही हेच करतो. हेतूतला फरक फाइलवर लिहिलेला नसल्यामुळे वर्तनावरून अंदाज बांधणारी तपासणी येथे घसरते. ॲड-ऑन आपोआप अद्ययावत होत असल्याने आणखी एक अडचण येते: नव्या आवृत्तीच्या फायली पूर्वी कोणाच्याच संगणकावर दिसलेल्या नसतात, आणि प्रसारावरून विश्वासार्हता ठरवणाऱ्या यंत्रणेला अनोळखी फाइल संशयास्पद वाटते. काल चालणारे ॲड-ऑन आज गायब होते ते बऱ्याचदा यामुळे.

जाहिरात-रोधक ॲड-ऑनची गोष्ट यातही विलक्षण आहे. कोणती संकेतस्थळे अडवायची याच्या याद्या ते स्वतःजवळ साठवते, त्यांत घातक संकेतस्थळांचे पत्तेही असतात, आणि फाइलमधील अक्षरांचे ठरावीक तुकडे शोधणाऱ्या अँटीव्हायरसला नेमके तेच सापडतात. गुन्हेगारांची यादी खिशात सापडली म्हणून हवालदारालाच कोठडीत टाकावे, तसा हा न्याय होतो.

निष्कासनापेक्षा त्यातील मूकपणा अधिक त्रासदायक ठरतो. नौपाड्यातील एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयाचे उदाहरण घेता येईल. मासिक जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत २० तारखेला संपते. १९ तारखेच्या संध्याकाळी पंचवीस-तीस अशिलांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या ॲड-ऑनचे चिन्ह ब्राउझरच्या पट्टीवरून नाहीसे झालेले दिसते. सूचना आलेली असते, पण ती पडद्याच्या कोपऱ्यात क्षणभर झळकून गेलेली असते. मग दोष ब्राउझरला दिला जातो, इंटरनेटला दिला जातो, शेवटी शेजारच्या टेबलावरील नवख्या मदतनिसाला दिला जातो. अँटीव्हायरसची नोंदवही उघडली तरी उलगडा होतोच असे नाही, कारण क्रोममध्ये प्रत्येक ॲड-ऑनचा फोल्डर त्याच्या नावाने नव्हे, तर इंग्रजी ‘ए’ ते ‘पी’ या अक्षरांच्या ३२ अक्षरी ओळखचिन्हाने ठेवलेला असतो. नोंदीत ती निरर्थक अक्षरमाला आणि पुढे एका जावास्क्रिप्ट फाइलचे नाव एवढेच दिसते. अशा वेळी ‘क्लीन ऑल’ ही कळ दाबण्याचा मोह होतो आणि परत मिळण्याजोगी फाइलही हातची जाते.

महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेट येथील मोठ्या कार्यालयांत अँटीव्हायरसचे नियंत्रण एका ठिकाणाहून होते. तेथे एकच सदोष अद्ययावतीकरण एका सकाळी सर्व संगणकांवर पोहोचते आणि कर्मचाऱ्याला फाइल स्वतः परत आणण्याची मुभा नसते. आयटी विभागाकडे तक्रार नोंदवून थांबणे एवढेच त्याच्या हाती राहते.

अशा चुका ॲड-ऑनपुरत्या मर्यादित नाहीत. ३० सप्टेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा-प्रणालीने खुद्द क्रोम ब्राउझरलाच ‘झीबॉट’ या पासवर्ड-चोर प्रोग्रॅमच्या नावाखाली पकडले होते आणि काही संगणकांवरून तो काढूनही टाकला होता. घातक प्रोग्रॅम ओळखण्याची सुधारित व्याख्या त्याच दिवशी देण्यात आली. मात्र ४ मे २०१९ च्या सुमारास फायरफॉक्सची ॲड-ऑन जगभर बंद पडली, तो प्रकार येथे मोडत नाही. तेथे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या, ॲड-ऑन अस्सल असल्याची ग्वाही देणाऱ्या डिजिटल स्वाक्षरी-साखळीतील एका प्रमाणपत्राची मुदत संपली होती. अँटीव्हायरसचा त्यात हात नव्हता. उलट, प्रत्येक निष्कासन चुकीचेच असते असेही मानू नये. लोकप्रिय ॲड-ऑन नव्या मालकाकडे गेल्यावर बिघडल्याची उदाहरणे आहेत: ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे ॲड-ऑन गूगलने फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक ठरवून बंद केले, आणि ते रास्तच होते.

म्हणून फाइल परत आणण्याआधी ती व्हायरसटोटलसारख्या सेवेवर अनेक अँटीव्हायरसकडून एकाच वेळी तपासून घेतात. एखाद-दुसऱ्यानेच दोष काढला, तर चूक असण्याची शक्यता अधिक. त्यानंतर क्वारंटाइनमधून फाइल सोडवणे, त्या फोल्डरपुरता अपवाद नोंदवणे (म्हणजे तो तपासणीतून वगळणे) आणि अँटीव्हायरस कंपनीकडे नमुना पाठवणे, हा क्रम उपयोगी पडतो. संपूर्ण ब्राउझरच अपवादाच्या यादीत टाकण्याची दुकानदारांची सवय धोक्याची आहे. क्रोममध्ये फायली बिघडल्याचे लक्षात आल्यास ‘रिपेअर’ची कळ मिळते आणि ॲड-ऑन पुन्हा उतरवले जाते, परंतु त्याने याच संगणकावर साठवलेली माहिती अँटीव्हायरसने पुसली असेल, तर ती या दुरुस्तीने परत येत नाही.