चांद आहे, पण दिसतोय का?

रमजानच्या आधीच्या शाबान महिन्याच्या २९ तारखेला संध्याकाळी रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर एकदा उभं राहून बघा. सूर्य पाण्यात बुडाला की लगेच काहीच दिसत नाही, क्षितिजापाशी नारिंगी उजेड आणि समुद्रावरचा दमट धुरकटपणा असतो, कुणी म्हणतं तो बघ तो बघ, दुसरा म्हणतो अरे ते ढगाचं टोक आहे, आणि मग पंधरा-वीस मिनिटांनी उजेड जरा मावळला की केसाएवढी रेघ सापडते, होडीसारखी आडवी पडलेली. एकदा दिसली की नजर हलवायची भीती वाटते, कारण हरवली की परत सापडत नाही. मी दुर्बीण घेऊन कितीतरी वेळा ही रेघ शोधलीय आणि दर वेळी छातीत धडधडतं.

लोक मला हमखास विचारतात की ग्रहणाची वेळ शंभर वर्षं आधी सांगता येते, मग पहिला रोजा उद्या की परवा हे आदल्या रात्रीपर्यंत का ठरत नाही? यात एक गल्लत आहे. हदीसमधला, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमधला हुकूम असा की चांद बघून रोजे धरा, चांद बघून सोडा, आणि ढगाळ असेल तर महिन्याचे ३० दिवस पूर्ण करा. म्हणजे प्रश्न चंद्र आकाशात आहे का हा नाहीच, तो दिसला का हा आहे.

अमावस्येचा क्षण अख्ख्या पृथ्वीसाठी एकच असतो, गणिताने मिनिटापर्यंत अचूक काढता येतो. पण त्या क्षणी चंद्र सूर्याच्या जवळपास त्याच दिशेला असतो, मग तो दर तासाला साधारण अर्धा अंश लांब सरकतो. दान्जाँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात दाखवलं की हे अंतर ७ अंशांपेक्षा कमी असेल तर कोर दिसतच नाही. ८ अंशांवरसुद्धा चंद्राचा जेमतेम अर्धा टक्का भाग उजळलेला असतो, तोही संधिप्रकाशात, त्यामुळे अमावस्येनंतर १५ तासांच्या आतला चांद नुसत्या डोळ्यांनी दिसणं जवळजवळ अशक्य. आता गंमत बघा, मक्केत सूर्य मुंबईपेक्षा साधारण सव्वादोन तास उशिरा मावळतो, तेवढ्यात चंद्र आणखी एक अंश पुढे गेलेला असतो. आपल्याकडे न दिसलेला चांद तिकडे त्याच संध्याकाळी दिसू शकतो याचं हे साधं कारण, अर्थात तारखेतला फरक दर वेळी एवढ्यामुळेच पडतो असं नाही.

हे जुन्या लोकांनाही कळत होतं. कुरैब नावाचे एक जण सिरियाहून मदिनेला आले आणि म्हणाले, आम्ही चांद शुक्रवारच्या रात्री बघितला. मदिनेत तो शनिवारच्या रात्री दिसला होता. मदिनेतले पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास यांनी सांगितलं की आम्ही आमच्या बघण्यावरच चालणार. यावरूनच शाफई पंथात प्रत्येक प्रदेशाचं क्षितिज वेगळं धरतात, आणि आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफईच. हनफी या दुसऱ्या पंथाची जुनी मांडणी उलटी, एका ठिकाणी दिसला तर सगळ्यांना लागू. साक्षीचे नियम तर मला फारच आवडतात, कारण त्यात हवामानाचा विचार आहे. हनफी मतानुसार आकाश ढगाळ असेल तर रमजान सुरू करायला एका भरवशाच्या माणसाची साक्ष पुरते, ईदसाठी दोन लागतात, पण आकाश स्वच्छ असेल तर मोठा समूह हवा, कारण एवढ्या मोकळ्या आकाशात एकालाच दिसला आणि बाकी कुणालाच नाही हे पटण्यासारखं नाही. हा अगदी शास्त्रज्ञाचा विचार आहे.

मुंबईतल्या दाऊदी बोहरांना मात्र वाट बघावी लागत नाही, त्यांचं इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या काळापासूनचं गणिती कॅलेंडर आहे, ३० वर्षांच्या चक्रात ११ वर्षं ३५५ दिवसांची, बाकी ३५४ ची, आणि रमजान कायम ३० दिवसांचा. म्हणून त्यांचे रोजे बऱ्याचदा एक-दोन दिवस आधी सुरू होतात. तुर्कस्तान पण हिशोबावरच चालतं, १९७८ च्या इस्तंबूल परिषदेत ठरलं की चंद्र क्षितिजापासून ५ अंश वर आणि सूर्यापासून ८ अंश लांब हवा. नीट बघितलं तर हे आकडेसुद्धा दिसण्याचेच आहेत, फक्त डोळ्यांचं काम गणिताला दिलंय.

रोजच्या रोज्यालाही हेच लागू. कुराणात आहे की पहाटेचा पांढरा दोरा काळ्या दोऱ्यापासून वेगळा दिसेपर्यंत खा-प्या. पैगंबरांचे एक सोबती अदी इब्न हातिम यांनी खरोखरच उशीखाली दोन दोरे ठेवले होते, मग त्यांना समजावलं गेलं की दोरे म्हणजे रात्रीचा काळोख आणि दिवसाचा उजेड. त्यातही सुबह काजिब म्हणजे खोटी पहाट वेगळी, पूर्वेला उभा खांबासारखा फिकट उजेड, तो खरं तर सूर्याभोवतीच्या धुळीवरून परतलेला प्रकाश असतो. खरी पहाट क्षितिजाला धरून आडवी पसरते, आपल्याकडे सूर्य १८ अंश खाली असताना, उगवायच्या साधारण सव्वा तास आधी. काही ठिकाणी १५ अंश धरतात, म्हणून दोन ॲपमध्ये सहेरीच्या, म्हणजे रोज्याआधीचं पहाटेचं खाणं थांबवायच्या वेळेत १२-१३ मिनिटांचा फरक दिसतो, त्यात ॲप बिघडलेलं नसतं.

आणि इफ्तारच्या वेळी समुद्राला टेकलेला तो लाल गोळा, तो तेव्हा तिथे नसतोच. हवा प्रकाशाला वाकवते, भूमितीने सूर्य आधीच बुडालेला असतो. तरी रोजा सुटतो तो दिसणारा गोळा पूर्ण गेल्यावरच. दुबईत २०११ साली बुर्ज खलिफाच्या रहिवाशांना सांगितलं गेलं की ८० व्या मजल्यापासून वर राहणाऱ्यांनी रोजा २ मिनिटं उशिरा सोडायचा आणि १५० च्या वरच्यांनी ३ मिनिटं, कारण त्यांना सूर्य अजून दिसत असतो.

चांद्रवर्ष १०-११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. २०१४ ते २०१६ मध्ये तो जून-जुलैत आला होता आणि कोकणात चांद शोधायचा तो पावसाळी ढगांत. २०३० साली मात्र तो दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीला, आणि त्या दिवसांत भाट्येवर सहसा आकाश निरभ्र असतं, म्हणजे हनफी नियमाने एकाची साक्ष पुरायची नाही.