सेट टॉप बॉक्सविना केबल : टीव्हीतल्या ट्यूनरची पार्श्वभूमी

नवा टीव्ही घेताना अजूनही हमखास विचारला जाणारा एक प्रश्न असा, की केबलची वायर थेट टीव्हीला लावली तर चॅनेल दिसतील का. माहितीपत्रकात 'डीव्हीबी-टी२/सी/एस२' अशी अक्षरे छापलेली असतात आणि विक्रेता त्यांनाच 'इनबिल्ट सेट टॉप बॉक्स' म्हणतो. ग्राहक घरी येऊन वायर लावतो, मेन्यूत जाऊन ट्यूनर, म्हणजे चॅनेल पकडणारा भाग, 'केबल'वर ठेवतो, ऑटो स्कॅन सुरू करतो. बऱ्याचदा यादीत चॅनेलांची नावे भराभर येतातही. मात्र त्यांपैकी कोणतेही चॅनेल निवडले की पडदा काळा राहतो आणि चॅनेल 'स्क्रॅम्बल्ड' असल्याचा संदेश दिसतो. टीव्ही बिघडलेला नसतो, ट्यूनरही खोटा नसतो. सिग्नल टीव्हीपर्यंत पोहोचलेला असतो, फक्त तो उघडण्याची परवानगी त्या टीव्हीला नसते. ही परवानगी टीव्हीकडून काढून घेऊन खोक्याकडे, म्हणजे सेट टॉप बॉक्सकडे, कशी गेली, हे समजल्याशिवाय आजची निवड नीट करता येत नाही.

अॅनालॉग केबलच्या काळात हा प्रश्न वेगळा होता. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत केबलचे जाळे पसरले तेव्हा प्रत्येक टीव्ही हा आपोआप केबलचा टीव्ही होता. त्याची मर्यादा होती ती ट्यूनरच्या पल्ल्याची. जुन्या बारा चॅनेलांच्या टीव्ही संचांना व्हीएचएफच्या खालच्या पट्ट्यातलेच चॅनेल पकडता येत, तर नंतरच्या संचांना एस बँड आणि हायपर बँड हे केबलचे वाढीव पट्टेही दिसू लागले. या फरकाला पैशाचे मोल होते. खालच्या पट्ट्याला धंद्यात 'प्राइम बँड' म्हणत, कारण तिथले चॅनेल जुन्यातल्या जुन्या टीव्हीवरही दिसत आणि त्या जागेसाठी वाहिन्या केबलचालकाला कॅरेज फी मोजत. ग्राहकाच्या बाजूने मात्र व्यवहार सरळ होता. आलेली वायर स्प्लिटर लावून दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात नेता येत असे आणि दुसऱ्या टीव्हीसाठी वेगळ्या उपकरणाची गरज नव्हती. १९९५ च्या केबल नियमन कायद्यानेही या रचनेला हात लावला नाही.

खोका आला तो २००२ च्या कायदादुरुस्तीने आणलेल्या 'कंडिशनल अॅक्सेस' (पैसे भरणाऱ्यालाच वाहिनी उघडून देणाऱ्या) पद्धतीबरोबर, म्हणजे सर्वांच्या ओळखीच्या 'कॅस'बरोबर. २००३ मध्ये चार महानगरांसाठी ती जाहीर झाली, पण त्या सप्टेंबरात प्रत्यक्षात चेन्नईतच लागू झाली. मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या ठरावीक भागांत ती न्यायालयाच्या आदेशानंतर ३१ डिसेंबर २००६ पासून आली आणि मुंबईत तिची सुरुवात दक्षिण मुंबईपासून झाली. सशुल्क वाहिनीचा कमाल दर महिन्याला ५ रुपये, तर किमान ३० निःशुल्क वाहिन्यांच्या संचासाठी करांव्यतिरिक्त कमाल ७७ रुपये, असे दर ठरवून दिले गेले. या योजनेतील एक तरतूद आज जवळजवळ विसरली गेली आहे. कॅसमध्ये खोका लागत असे तो सशुल्क वाहिन्यांसाठी. निःशुल्क वाहिन्या अॅनालॉग स्वरूपात थेट वायरवरून येत राहिल्या आणि ज्या घराला तेवढ्याच पुरेशा होत्या त्याला खोका घ्यावा लागत नव्हता. 'सेट टॉप बॉक्सशिवाय केबल' हा पर्याय त्या काळी नियमांतच होता.

तो गेला २०११ मध्ये. ऑक्टोबरमध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये दुरुस्ती कायदा, अशा क्रमाने देशभरातील केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल करण्याचे ठरले. डिजिटायझेशनला विरोध करण्याचे कारण नव्हते. अॅनालॉग वायरवर एका वाहिनीला जेवढी जागा लागे, तेवढ्यात अनेक डिजिटल वाहिन्या बसतात आणि चित्रही स्वच्छ दिसते. पण कायद्याच्या कलम ४अ मध्ये डिजिटल होण्याबरोबर दुसरी एक गोष्ट जोडलेली होती : केबलचालकाने कोणत्याही वाहिनीचे कार्यक्रम एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद स्वरूपात, अॅड्रेसेबल (प्रत्येक घरातले उपकरण वेगळे ओळखणाऱ्या) यंत्रणेतूनच पाठवणे बंधनकारक झाले. वाहिनी सशुल्क की निःशुल्क हा भेद इथे उरला नाही. प्रक्षेपक ज्या वाहिनीसाठी एक पैसाही मागत नाही, जी उपग्रहावरून उघडी येते, तीही केबलच्या वायरीत शिरताना कुलूपबंद झाली.

या निर्णयामागचा युक्तिवाद पोकळ नव्हता. अॅनालॉग काळात नेमकी किती घरे जोडलेली आहेत हे फक्त स्थानिक केबलचालकाला ठाऊक असे. तो वर कळवताना जोडण्या कमी दाखवी, त्यामुळे वाहिन्यांचा वाटा बुडे आणि करही बुडे. प्रत्येक घरात क्रमांक असलेले उपकरण असले की मोजणी आपोआप होते आणि पैसे न भरणाऱ्याचे प्रक्षेपण कार्यालयात बसून बंद करता येते. सशुल्क वाहिन्यांपुरता हा युक्तिवाद पूर्णपणे मान्य करता येतो. निःशुल्क वाहिन्यांना मात्र तो तितकासा लागू होत नाही, कारण तिथे प्रक्षेपकाला वाटा द्यायचा नसतो. केबलचालकाचे जाळ्याचे शुल्क वसूल होण्याचा प्रश्न उरतो. त्यासाठी, वायर तोडण्याचा जुना उपाय चाळीत आणि सोसायटीत कष्टाचा असला तरी उपलब्ध होता. निःशुल्क वाहिन्यांचा संच डिजिटल पण उघडा ठेवला असता, तर डीव्हीबी-सी, म्हणजे डिजिटल केबलचा, ट्यूनर असलेल्या कोणत्याही टीव्हीवर तो दिसला असता आणि घरातला दुसरा टीव्ही केवळ स्प्लिटरवर चालला असता. माझ्या मते आजच्या ग्राहकाची अडचण प्रामुख्याने या एका तरतुदीतून निर्माण झाली आणि तिची जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी तेव्हा झाली नाही. चर्चा झाली ती तारखांची आणि खोक्यांच्या तुटवड्याची.

अमेरिकेत याच मुद्द्यावर दीर्घकाळ उलटा नियम होता. तिथे केबलचालकाला मूलभूत संच एन्क्रिप्ट करण्यास मनाई होती आणि त्यामुळे डिजिटल केबलचे मूलभूत चॅनेलही योग्य ट्यूनर असलेल्या टीव्हीवर थेट दिसत. ही मनाई पूर्णतः डिजिटल झालेल्या जाळ्यांसाठी ऑक्टोबर २०१२ मध्ये उठली, तीही ज्यांचे थेट दर्शन बंद होणार होते त्यांना ठरावीक काळ मोफत उपकरण देण्याच्या अटीवर. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला मुंबईत अॅनालॉग केबल बंद झाली. इथे शंभर निःशुल्क वाहिन्यांचा संच शंभर रुपयांत देण्याचे बंधन आले, पण तो पाहण्यासाठीही खोका लागणारच होता. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर आणि औरंगाबाद ही शहरे दुसऱ्या टप्प्यात ३१ मार्च २०१३ या मुदतीत आली. उरलेली शहरे आणि ग्रामीण भाग यांची मुदत न्यायालयीन स्थगिती व मुदतवाढींमुळे २०१७ पर्यंत लांबली.

कायद्याने एन्क्रिप्शन सक्तीचे केले असले तरी खोका सक्तीचा केला नव्हता, ही बाब सहसा सांगितली जात नाही. कायद्यातील अॅड्रेसेबल यंत्रणेच्या व्याख्येत ग्राहकाच्या घरातील 'उपकरण किंवा उपकरणे' एवढाच उल्लेख आहे. ते उपकरण टीव्हीच्या आतही असू शकते, आणि युरोपात तशी सोय आधीपासून होती. २००२ च्या युरोपीय निर्देशानुसार ३० सेंटिमीटरहून मोठ्या पडद्याच्या प्रत्येक डिजिटल टीव्हीला किमान एक खुला इंटरफेस सॉकेट आवश्यक ठरला. व्यवहारात ही टीव्हीच्या मागची किंवा बाजूची चपटी 'कॉमन इंटरफेस' खाच असते. तिच्यात कॅम नावाचे, आगपेटीहून थोडे मोठे आणि पातळ मॉड्यूल सरकवायचे आणि त्यात केबलचालकाचे कार्ड घालायचे, की टीव्ही स्वतःच एन्क्रिप्टेड चॅनेल उघडतो आणि एकच रिमोट पुरतो. भारतात टीव्हीवर तशी सक्ती नव्हती, त्यामुळे इथे विकल्या जाणाऱ्या अनेक मॉडेलांत ही खाचच नसते. जिथे ती असते तिथे दुसरी अडचण येते : केबल जाळ्यांनी वेगवेगळ्या कंपन्यांच्या एन्क्रिप्शन पद्धती निवडल्या, त्यांतल्या बऱ्याच कार्डविरहित आहेत, म्हणजे किल्ली थेट खोक्यातल्या चिपमध्ये बसवलेली असते. कार्डच नसेल तर ते कॅममध्ये घालण्याचा प्रश्नच उरत नाही.

डीटीएचच्या परवान्यांत एका कंपनीचा खोका दुसऱ्या कंपनीच्या सेवेलाही चालावा अशी अट सुरुवातीपासून होती आणि त्यासाठी खोक्यांना कॉमन इंटरफेसची खाचही होती. पण कॅमची किंमत खोक्याच्या तुलनेत इतकी जास्त पडे, की चालक बदलताना ग्राहक नवा खोकाच घेई. याच काळात आत डीटीएचचा रिसीव्हर बसवलेले टीव्हीही बाजारात आले. ते एकाच सेवेला बांधलेले असल्याने सेवा बदलली की आतला रिसीव्हर निरुपयोगी होत असे.

एप्रिल २०२० मध्ये दूरसंचार नियामकाने (ट्राय) या साऱ्याचा एकत्र विचार करणाऱ्या शिफारशी केल्या. खोक्यांना यूएसबीवर चालणारा नव्या पिढीचा कॉमन इंटरफेस द्यावा आणि देशातील प्रत्येक डिजिटल टीव्हीला तसा किमान एक खुला पोर्ट असावा, असे त्यांत म्हटले होते. टीव्हीत स्वस्त यूएसबी मॉड्यूल घालून कोणत्याही चालकाची सेवा घेणे त्यामुळे शक्य झाले असते. केबल आणि डीटीएच चालकांनी खर्चाचे व चाचेगिरीचे मुद्दे मांडले, तसेच प्रेक्षक इंटरनेटकडे वळत असताना हा खटाटोप कशाला, असाही सूर लावला. दुकानात जाणाऱ्या ग्राहकाच्या हाती त्या शिफारशींतून काही पडले नाही, याची खंत वाटते, कारण या विषयावर इतका नेमका उपाय पूर्वी मांडला गेला नव्हता.

पुढची हालचाल झाली ती केबलऐवजी उपग्रहाच्या बाजूने. आत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हीसाठी आयएस १८११२:२०२२ हे भारतीय मानक तयार झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची घोषणा झाली. अशा टीव्हीला एलएनबी (डिशवरचा सिग्नल टिपणारा भाग) असलेली छोटी डिश जोडली की निःशुल्क वाहिन्या खोक्याशिवाय दिसाव्यात, हा त्याचा उद्देश आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली आणि आता फ्री डिश या नावाने ओळखली जाणारी मासिक शुल्क नसलेली सेवा त्यासाठी डोळ्यांपुढे होती. विक्रेत्याच्या तोंडी असलेला 'इनबिल्ट सेट टॉप बॉक्स' बहुतेक वेळा हाच असतो : माहितीपत्रकातील 'एस२' आणि टीव्हीच्या मागे आटे असलेला वेगळा सॉकेट. केबलची वायर त्यात लावून काहीही दिसणार नाही. त्याच माहितीपत्रकातील 'टी२' हे जमिनीवरील डिजिटल प्रक्षेपणासाठी असते. ते २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह सोळा शहरांत सुरू झाले होते आणि त्याचाही केबलशी संबंध नाही.

अलीकडच्या वर्षांत खोका वगळण्याचा तिसरा मार्ग पुढे आला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये एका मोठ्या ब्रॉडबँड कंपनीने घरगुती इंटरनेटच्या ग्राहकांना स्मार्ट टीव्हीवरील अॅपमधून आठशेहून अधिक वाहिन्या देऊ केल्या. इथे किल्ली कार्डात किंवा चिपमध्ये नसते, तर ग्राहकाच्या लॉगिनमध्ये असते आणि टीव्हीतला ट्यूनर वापरलाच जात नाही. अशा ग्राहकाने टीव्ही निवडताना ट्यूनरऐवजी त्या टीव्हीची कार्यप्रणाली आणि तिच्यावर ते अॅप मिळते का, हे पाहावे लागते. केबलच हवी असेल, तर टीव्हीला कॉमन इंटरफेसची खाच आहे का हे दुकानात, आणि आपल्या जाळ्यासाठी कॅम मिळतो का हे केबलचालकाकडे, अशी दोन्हीकडे खरेदीपूर्वी चौकशी करावी. दुसरे उत्तर नकारार्थी आले, तर माहितीपत्रकातील 'सी' या अक्षरासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण नाही.