सीपॅप मास्क : निवड आणि जुळणी

स्लीप अ‍ॅप्निया म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा विकार. त्यावरील सीपॅप उपचारात, म्हणजे श्वासमार्गात सतत दाबाची हवा सोडण्याच्या उपचारात, यंत्रातली हवा घशापर्यंत पोहोचते ती मास्कमधून. हा दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो आणि त्यामुळे घशाचा मऊ भाग मिटत नाही. हवा कडेने निसटली की दाब उतरतो. म्हणून मास्क नीट बसणे हा उपचाराचाच भाग आहे. ती केवळ सोयीची बाब नव्हे.

ऑस्ट्रेलियातील डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला रुग्णाच्या नाकाबरहुकूम घडवलेला मास्क रोज रात्री सिलिकॉनने चिकटवावा लागे. आता तीन प्रकार रूढ आहेत : नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणारा आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा. शक्यतो नाकाचाच मास्क आधी वापरून पाहावा. तिसऱ्या प्रकाराला बऱ्याचदा जास्त दाब लागतो. मात्र नाक कायम चोंदलेले असेल तर तोच उपयोगी पडतो.

हवा गळू लागली की पट्टे आवळायचे, ही सर्वांत सर्रास होणारी चूक. मास्कच्या गादीला सिलिकॉनची पातळ आतली कड असते. हवेने फुगून ती त्वचेला चिकटते. पट्टे फार आवळले तर कड चुरगळते, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर जखम होते. अशा वेळी पट्टे सैल करावेत, यंत्र चालू ठेवून मास्क क्षणभर चेहऱ्यापासून दूर धरावा, गादी फुगू द्यावी आणि मग दोन्ही बाजूंनी सारखे, बेताचेच ओढावे. हे सारे आडवे पडून, नेहमीच्या दाबावर आणि कूस बदलून तपासायचे, कारण बसल्यावर आणि निजल्यावर गालांचा आकार सारखा राहत नाही. झोपताना कवळी काढून ठेवणाऱ्याने मापही कवळी काढूनच द्यावे.

समोरच्या बारीक छिद्रांतून येणारी हवा म्हणजे गळती नव्हे. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच बाहेर पडतो, त्यामुळे ती छिद्रे कधीही बुजवू नयेत. डोळ्यांकडे येणारा झोत मात्र थांबवलाच पाहिजे; त्याने डोळे कोरडे पडतात. दाढी आणि त्वचेवरचे तेल यांमुळेही कड सुटते, म्हणून गादी रोज सौम्य साबणाने धुवावी. काही मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या कड्या असतात. पेसमेकर बसवलेल्यांनी, तसेच ज्यांच्या शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर आहे त्यांनीही, बिनचुंबकाचा मास्क मागून घ्यावा.