निळा ठोकळा दाताच्या रंगाचा होतो त्यामागे

बेळगावातल्या डेंटल लॅबमध्ये लिथियम डायसिलिकेटचा, म्हणजे तापवून आत स्फटिक केलेल्या काचेचा, ठोकळा येतो तेव्हा निळसर असतो. त्यातून मशिनवर कोरलेली दाताची कॅप भट्टीत साधारण ८४० ते ८५० अंश सेल्सिअसला काही मिनिटं राहते आणि दाताच्या रंगाची होऊन बाहेर येते. आत मेटासिलिकेट या आधीच्या स्फटिकाचे बारीक कण जाऊन डायसिलिकेटचे लांबट, एकमेकांत गुंतलेले स्फटिक झालेले असतात. ताकद दुपटीहून जास्त वाढते. म्हणून कोरणं आधी, भाजणं नंतर. उलट केलं तर बर (मशिनचं कोरणारं टोक) झिजते आणि कॅपच्या कडा उडतात.

काच तापवून आत स्फटिक करायची ही वाट सापडायला दोनशे वर्षं गेली. १७३९ साली फ्रान्समध्ये रेओम्यूर या शास्त्रज्ञाने काचेच्या बाटल्या वाळू-जिप्सममध्ये पुरून कित्येक दिवस तापवल्या. चिनीमातीसारख्या पांढऱ्या झाल्या खऱ्या, पण स्फटिक बाहेरून आत वाढले. आकार बिघडला, मजबुती आली नाही. काच कारखान्यात तर स्फटिक म्हणजे खोटच. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील आपल्याकडच्या घरोघरी होता. तसल्या साध्या काचेला ५५० अंशांच्या आसपास धरून सावकाश निववतात ते फक्त ताण काढायला. तीच काच ९००च्या पुढे रेंगाळली, की पृष्ठभागावर दुधी साय धरते.

१९५३ मध्ये अमेरिकेत कॉर्निंग या काच कंपनीतल्या स्टूकी या संशोधकाने चांदीचे कण असलेली लिथियम सिलिकेट काच ६०० अंशांना लावली. नियंत्रक बिघडून भट्टी ९००वर गेली. काच वितळून पसरली असेल असं वाटलं होतं. निघाली पांढरी, आकार शाबूत, आणि चिमट्यातून निसटून पडली तरी फुटली नाही! चांदीच्या कणांनी काचेत सगळीकडे स्फटिकांची बीजं धरली होती, म्हणजे स्फटिक जिथून वाढतात ते बारीक ठिपके.

खरी मेख इथेच आहे. बीजं धरतात कमी तापमानाला, स्फटिक वाढतात जास्त तापमानाला. शुद्ध लिथियम डायसिलिकेट काचेत बीजं सर्वांत वेगाने ४५५ अंशांच्या आसपास धरतात; वाढ जोरात होते ६००च्या वर. भातात तरवा आधी, लावण मागाहून, तसंच हे. पहिला टप्पा गाळला की बीजं मोजकी, स्फटिक मोठाले, आणि तडे.

ठोकळ्यात पहिला टप्पा कारखान्यातच उरकलेला असतो. लॅबच्या हाती उरतं शेवटचं तापमान, आणि चूकही बहुधा तिथेच होते: भट्टी जास्त तापली की कडा गोलावतात, कमी तापली की स्फटिक अर्धवट राहून कॅप कच्ची पडते. आकडा खरा आहे का हे चांदीच्या तारेने पाहतात. चांदी ९६२ अंशांना वितळते. भट्टी ९५० दाखवत असतानाच तारेचा गोळा झाला, तर भट्टी कमी आकडा दाखवते आहे.