जंतू सांध्यात की सांध्याबाहेर: संधिदाहामागची पार्श्वभूमी

सांध्यात पू होतो तिथे वाद नसतो. सुईने पाणी काढतात, कल्चरमध्ये जंतू उगवतो, अँटिबायोटिक सुरू होते. गेली शंभराहून जास्त वर्षे वाद चाललाय तो वेगळ्याच रुग्णांवरून. त्यांचा सांधा सुजलेला असतो, हाताला गरम लागतो, पण पाण्यात जंतू नसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य डॉक्टरांचा ठाम समज होता की दातांच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये दडलेला जंतूच सांधे बिघडवतो. त्यापायी कित्येकांचे धडधाकट दात काढले गेले आणि संधिवात होता तिथेच राहिला. १९४०च्या सुमारास ही लाट ओसरली. पण जंतूवरच्या त्या संशयाने औषधे दिली. संधिवातावर १९२९पासून सोन्याच्या क्षारांची इंजेक्शने आली, ती हा आजार क्षयासारखा असेल या समजुतीतून. आजही रोज लिहून दिले जाणारे सल्फासॅलॅझिनही जंतू डोळ्यांसमोर ठेवूनच घडवलेले.

दुसरा धागा १९१६चा. युद्धात जुलाब झालेल्या सैनिकांचे सांधे पुढे सुजल्याच्या नोंदी त्या वर्षी झाल्या. ‘रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस’ हे नाव १९६९मध्ये आले आणि १९७३मध्ये एचएलए-बी२७ या जनुकाशी त्याचे नाते दिसले. पोटाचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन गेल्यावर एक ते चार आठवड्यांनी सांधे धरतात, असा हा आजार.

मुंबईत हा प्रश्न टीबीपाशी येऊन अडतो. शरीरात दुसरीकडे क्षय असताना सांधे सुजतात, पण सांध्यात क्षयाचे जंतू नसतात, असे वर्णन फ्रान्समध्ये १८९७मध्ये झाले. यालाच पॉन्सेट डिसीज म्हणतात. हा स्वतंत्र आजार आहे की नाही यावर अजून एकमत नाही. इथे मात्र तो मान्य केला की लगेच एक निर्णय घ्यावा लागतो: एकेटी, म्हणजे क्षयावरची औषधे, सुरू करायची का?

समजा, घोटे आणि गुडघे सुजलेत, मॅन्टू (क्षयासाठीची त्वचेची चाचणी) पॉझिटिव्ह आहे, छातीचा एक्स-रे साफ आहे. या शहरात कितीतरी निरोगी माणसांची मॅन्टू पॉझिटिव्ह येते, त्यामुळे त्यावरून निदान ठरत नाही. संधिवातासाठी पाहिला जाणारा रक्तातला आरए फॅक्टरही टीबीत पॉझिटिव्ह येऊ शकतो. तरीही ‘देऊन बघू’ म्हणून एकेटी दिली जाते आणि रुग्णाला बरे वाटले की निदान सिद्ध झाले असे धरतात. माझा आक्षेप नेमका इथे आहे. रिॲक्टिव्ह आर्थ्रायटिस बऱ्याचदा तीन ते सहा महिन्यांत आपोआप शमतो आणि एकेटीचा कोर्स असतो किमान सहा महिन्यांचा. मग गुण गोळीचा की काळाचा, हे कसे ठरवायचे? त्यात एकेटीतल्या पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढून सांधे दुखू शकतात, म्हणजे उलटीही फसगत होते.

दुसरी चूक याहून महाग पडते. एकच गुडघा महिनोन्‌महिने सुजलेला, तो संधिवात समजून स्टिरॉइडची इंजेक्शने दिली जातात आणि आत खरोखरचा क्षय सांधा खात असतो. म्हणून एकाच सांध्याची हट्टी सूज असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवल्याशिवाय पुढे जाऊ नये. बायोप्सीला रुग्ण घाबरतात, खर्चही होतो. तरी त्यांना समजावायला वेळ दिलाच पाहिजे.

अलीकडचे संशोधन पुन्हा तोंडाकडे आणि आतड्याकडे वळले आहे. हिरड्यांच्या आजारातल्या एका जंतूकडे प्रथिनांचे रूप बदलणारे एन्झाइम असल्याचे १९९९मध्ये कळले. संधिवातासाठीच्या अँटी-सीसीपी या रक्तचाचणीत सापडणाऱ्या प्रतिपिंडांचा रोख अशाच बदललेल्या प्रथिनांवर असतो. नुकताच संधिवात झालेल्यांच्या आतड्यात प्रेव्होटेला हा जंतू जास्त आढळल्याचे २०१३मध्ये प्रसिद्ध झाले. कारण की परिणाम, हे दोन्हींत ठरलेले नाही.

२००१पासून एक उलटा संबंधही समोर आहे. संधिवातासाठी दिलेल्या टीएनएफ-रोधक (सूज वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन अडवणाऱ्या) इंजेक्शनांनी शरीरात झोपलेला क्षय जागा होतो. त्यामुळे ही इंजेक्शने देण्याआधी एक्स-रेसोबत मॅन्टू किंवा रक्ताची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली आणि सक्रिय क्षय नसला, तर सहसा निदान महिनाभर आधी आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध सुरू करतात.