ब्लॉन्ड म्हणजे नेमकी कोणती? अमेरिकन की बेल्जियन

घरी फिकट ब्लॉन्ड बीअर करायची म्हणून कृती शोधायला बसलं, की एकाच नावाखाली दोन निराळ्या बीअर सापडतात. देवनागरीत दोन्ही ‘ब्लॉन्ड’च. ग्लासात ओतल्या तरी रंग जवळपास सारखा, गवती पिवळ्यापासून सोनेरीपर्यंत. त्यात ‘हलकी’ हा आपला शब्द रंगालाही लागतो आणि कडकपणालाही, त्यामुळे घोळ वाढतो. अमेरिकन ब्लॉन्ड दोन्ही अर्थांनी हलकी, अल्कोहोल साधारण 4 ते 5.5 टक्के. बेल्जियन ब्लॉन्ड हलकी फक्त दिसायला. ती 6 ते 7.5 टक्क्यांची असते. बेल्जियमची प्रसिद्ध लेफ ब्लॉन्ड 6.6 टक्क्यांची आहे.

खरा फरक यीस्टमध्ये आहे, म्हणून माझा आग्रह असा की यीस्ट आधी ठरवावं आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, हिशेब मागून करावा. अमेरिकन ब्लॉन्डमध्ये यीस्टने आपलं काम करून बाजूला व्हायचं असतं. त्यासाठी सेफएल यूएस-05 किंवा नॉटिंगहॅमसारखं स्वच्छ, म्हणजे स्वतःचा वास फारसा न सोडणारं, यीस्ट घ्यावं आणि 18 अंश सेल्सिअसच्या आसपास आंबवावं. बेल्जियन ब्लॉन्डमध्ये मात्र चव यीस्टच घडवतं. लालब्रू ॲबी किंवा वायीस्ट 3787 यांसारखी यीस्टं माल्टमधल्या फेरुलिक आम्लापासून लवंगेच्या वासाचं द्रव्य तयार करतात, आणि त्यांच्या एस्टरमधून, म्हणजे आंबताना तयार होणाऱ्या सुवासिक द्रव्यांमधून, फळांचा, कधी केळ्याचा वास येतो. 18 अंशांवर सुरुवात करून पुढच्या काही दिवसांत 22-23 पर्यंत चढू दिलं तर हे सगळं छान जुळून येतं. पहिल्याच दिवशी तापमान वर गेलं तर झणझणीत, डोकं धरणारे अल्कोहोल तयार होतात. ते मुरायला ठेवूनही फारसे जात नाहीत.

आता साखर. बेल्जियन कृतीत अर्धा किलो साखर दिसली की बीअर गोड होईल अशी भीती वाटते. होतं उलटं. साधी साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं, मागे काही ठेवत नाही. अल्कोहोल वाढतं आणि बीअर जिभेवर कोरडी लागते. गोडवा मागे ठेवतो तो क्रिस्टल माल्ट, म्हणजे ओला भाजून आतली साखर कॅरमेलसारखी केलेला माल्ट. तीच ताकद नुसत्या माल्टने आणायला गेलं तर घोट जड होतो. बेल्जियन बीअरसाठी मिळणारी महागडी कँडी शुगर लागतेच असं नाही, फिकट ब्लॉन्डला पांढरी साखर पुरते.

20 लिटरसाठी अंदाज सांगतो. अमेरिकन: सव्वाचार किलो पेल माल्ट, त्यातला पाव किलो हवं तर गव्हाचा, आंबवण्याआधीची घनता (पाण्याची 1.000 धरून) 1.048 च्या आसपास. बेल्जियन: पाच किलो पिल्सनर माल्ट आणि अर्धा किलो साखर, घनता सुमारे 1.066. पिल्सनर माल्ट असेल तर 90 मिनिटं, झाकण न ठेवता, खळखळून उकळावं. नाहीतर शिजलेल्या मक्याचा वास राहतो, आणि इतक्या फिकट बीअरमध्ये तो लपायला जागाच नाही.

हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी फुलं, दोन्हीकडे बेताचेच, 20 आयबीयूच्या (कडवटपणाचं माप) आसपास. अमेरिकनला विलमेट, बेल्जियनला स्टायरियन गोल्डिंग्ज. कोरड्या यीस्टचं एक पाकीट अमेरिकनला पुरतं. बेल्जियनला दोन घालावीत, कारण दाट वर्टमध्ये, म्हणजे माल्टच्या न आंबवलेल्या गोड काढ्यात, कमी पडलेलं यीस्ट दमतं आणि काम अर्धवट सोडतं.

अजूनही ठरत नसेल तर अमेरिकन कृतीचा वर्ट करा आणि दोन भांड्यांत निम्मा निम्मा वाटा. एकात यूएस-05 टाका, दुसऱ्यात ॲबी. दुसरी बीअर पुरती बेल्जियन ब्लॉन्ड होणार नाही, साखर आणि ताकद दोन्ही कमी पडतील. पण दोन्ही ग्लास शेजारी ठेवून वास घेतला, की कोणत्या वाटेने जायचं ते नाकच सांगेल.