जी-वन क्लायमॅक्स

जी-वन क्लायमॅक्स ही जपानमधल्या न्यू जपान प्रो-रेसलिंग कंपनीची दरवर्षीची राउंड रॉबिन स्पर्धा. आपल्याकडे जिला नुरा कुस्ती म्हणतात तोच प्रकार, निकाल आधीच ठरलेला, फक्त तिकडे पब्लिकला ते माहीत असतं आणि त्यात कुणाला फसल्यासारखं वाटत नाही.

सगळी गंमत पॉइंट टेबलात आहे. रेसलर ब्लॉकमध्ये म्हणजे गटांत वाटलेले, ब्लॉकमधल्या प्रत्येकाशी एक मॅच, जिंकलं की 2 पॉइंट, बरोबरी झाली की 1, हरलं की भोपळा. 2015 ते 2021 मध्ये 20 जण आणि दोन ब्लॉक असायचे, प्रत्येक ब्लॉकमधला पहिला फायनलला, म्हणजे एकेकाच्या वाट्याला 9 मॅच, त्याही महिन्याभरात गावोगाव फिरत, शेवटी शेवटी कुणाची मान तर कुणाचा गुडघा पट्ट्यांनी गुंडाळलेला. 2023 ला 32 जण घेतले होते, ती जरा गर्दीच झाली. सीझन जुलै-ऑगस्टचा, टोकियो ऑलिम्पिकमुळे 2020 आणि 2021 ला मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरला गेला. आणि 2012 ते 2023 मध्ये जिंकणाऱ्याला पुढच्या 4 जानेवारीच्या टोकियो डोम शोमध्ये टायटलची मॅच मिळायची.

आत्ताच्या रूपात हे 1991 ला सुरू झालं, तेव्हा फक्त 8 जण होते. फेव्हरिट नसलेल्या मासाहिरो चोनोने आधी हाशिमोतोला प्लेऑफमध्ये आणि मग त्याच दिवशी फायनलला केइजी मुतोला हरवलं. हे झालं टोकियोतल्या र्‍योगोकूच्या सुमो हॉलमध्ये, आणि लोकांनी बसायच्या उशा रिंगमध्ये भिरकावल्या, सुमोत मोठा पैलवान हरला की भिरकावतात तशा. त्याच स्पर्धेत रिकी चोशू तिन्ही मॅच हरून 0 पॉइंटवर राहिला, आणि कोण जिंकणार कोण हरणार हे ठरवण्यात तेव्हा त्याचाच मोठा हात होता! स्वतःच्या नावापुढे शून्य लिहायला जिगर लागते (1996 ला एकही मॅच न हरता जिंकला म्हणा). मधली काही वर्षं नॉकआउट पद्धतीनेही खेळवलं, पण त्यात टेबलाची मजा नाही.

टेबल कसं वापरतात ते बघायचं तर 10 ऑगस्ट 2018, टोकियोतला बुडोकान हॉल, एकाच ब्लॉकमधल्या दोघांची शेवटची मॅच. हिरोशी तानाहाशी 14 वर, काझुचिका ओकाडा 12 वर. ओकाडा जिंकला तर 14-14 आणि आपसातल्या मॅचमुळे तोच फायनलला, तानाहाशीला मात्र नुसतं न हरणं पुरेसं होतं. 30 मिनिटांची मर्यादा, घड्याळ पळतंय, दोघेही थकून लोळतायत, घंटा झाली, बरोबरी. त्या एका पॉइंटवर तानाहाशी फायनलला गेला आणि दोन दिवसांनी कोता इबुशीला हरवून जिंकला पण.

चोनोची 5 विजेतेपदं हा रेकॉर्ड आहे. जपानबाहेरचा पहिला विजेता म्हणजे कॅनडाचा केनी ओमेगा, तोही थेट 2016 ला.

आता ठरलेलं असतं म्हणून लागत नाही असं कुणी समजू नये. 2021 च्या फायनलला इबुशीने ओकाडावर वरच्या दोरीवरून कोलांटउडी मारली, ओकाडा बाजूला झाला, इबुशी मॅटवर आपटला आणि खांदा गेला. रेफरीने मॅच तिथेच थांबवली, ओकाडा विजेता. इबुशी पुढे वर्षभराहून जास्त काळ रिंगमध्ये दिसलाच नाही.